पार्ट मिळत नाही तेव्हा : जुन्या चेन सॉच्या दुरुस्तीची प्रस्तावना

बंद पडलेली चेन सॉ दुकानात नेली की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं : "जुनं मॉडेल आहे, पार्ट येत नाहीत, नवीन घ्या." आपण ते खरं मानतो आणि मशीन वाडीतल्या खोपटात, पंचायतीच्या अडगळीत किंवा वखारीच्या कोपऱ्यात जाऊन पडतं. पुढे कधीतरी ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. अशी मशीनं उघडून पाहिली की बिघाड फार वेळा किरकोळ निघतो. पेट्रोलची तडकलेली रबरी नळी, कडक झालेला कार्बोरेटरचा पडदा, वाऱ्याला वाट देणारं ऑइल सील, असं काहीतरी. या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं आहे : ज्या पार्टबद्दल "मिळत नाही" असं आपण म्हणतो, त्याचं माप बहुतेकदा कुणी घेतलेलंच नसतं.

हे पुस्तक सालवडमध्ये लिहिलं गेलं, आणि त्याला कारण आहे. सालवड बोईसरला लागून, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला आहे. एका अंगाला पोलाद, रसायनं आणि कापडाचे कारखाने, आणि त्यांच्या आधाराने उभी राहिलेली लेथची दुकानं, बेअरिंगवाले, आरगॉन वेल्डिंगवाले. दुसऱ्या अंगाला चिंचणी-तारापूरचा किनारा, त्यावरची सुरूची बनं, नारळ आणि ताड. उत्तरेला डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, ज्यांच्या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वेला विक्रमगड-जव्हारचा साग-ऐनाचा डोंगराळ पट्टा. म्हणजे लाकूड कापण्याचं काम आणि लोखंडाचं कसब हाकेच्या अंतरावर आहे. तरीही इथली चेन सॉ एका सीलसाठी पडून राहते, कारण वाडीवाल्याला लेथवाल्याशी काय बोलायचं ते ठाऊक नसतं, आणि लेथवाल्याने ते मशीन कधी उघडलेलं नसतं.

या मशीनचं महत्त्व वादळाच्या दिवशी कळतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि कोकणातल्या कितीतरी वाड्या मुळासकट उपटल्या गेल्या. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, 'तौक्ते' पालघरच्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. झाडं पडली, विजेचे खांब वाकले. अशा सकाळी रस्त्यावर आडवा पडलेला शिरीष कुऱ्हाडीने बाजूला करायला अर्धा दिवस जातो, आणि रुग्णवाहिकेला अर्धा दिवस थांबता येत नाही. त्या दिवशी नवीन मशीन मागवून उपयोग नसतो. गावात जे असेल तेच लागतं, आणि ते दोरी ओढल्यावर सुरू व्हावं लागतं. जुनं मशीन जपण्यामागचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं. पैशाची बचत त्यानंतर येते.

इतिहास इथे थोडक्यात सांगतो, कारण दुरुस्तीला त्याचा थेट उपयोग आहे. आंद्रेयास श्टील याने १९२६ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. ती दोन माणसांनी धरायची होती. १९२९ मध्ये पेट्रोलवरची आली. सुरुवातीच्या मशीनांत कार्बोरेटर फ्लोटचा, म्हणजे स्कूटरसारखा होता, त्यामुळे इंजिन सरळच धरावं लागे आणि आडवं कापताना पट्टी वेगळी फिरवावी लागे. पडद्याचा कार्बोरेटर आला आणि मशीन कोणत्याही कोनात धरता येऊ लागलं. १९५९ मध्ये श्टीलच्या 'कॉन्ट्रा' मॉडेलमध्ये मधला गिअर गेला आणि साखळी थेट इंजिनच्या वेगाने पळू लागली. हुस्कवार्नाची पहिली चेन सॉ त्याच वर्षीची. साखळीचा दात त्याआधीच बदलला होता. अमेरिकेतल्या ऑरेगनमधला लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा निरखला. ती अळी धाग्याच्या उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी सहज खात जाते हे त्याला दिसलं, आणि त्या धर्तीवर त्याने दात घडवला. आजची साखळी त्याच घडणीची आहे. थोडक्यात, १९६० नंतर या यंत्राची मूळ रचना फारशी हललेली नाही. वीस-तीस वर्षं जुन्या मशीनचं शास्त्र आजच्याच मशीनचं शास्त्र आहे, आणि म्हणून त्यातले बरेच भाग आजही बाजारात निराळ्या नावाने पडलेले असतात.

निराळ्या नावाने पडलेले, हे नीट समजून घ्यायला हवं. श्टीलच्या पार्टवर जो लांब आकडा असतो त्याचे पहिले चार अंक म्हणजे तो भाग मुळात ज्या मालिकेसाठी घडवला ती मालिका. ११२३ ही मालिका ०२१, ०२३ आणि ०२५ या मॉडेलांची. पुढे कंपनीने नावांआधी 'एमएस' जोडलं आणि हीच मशीनं एमएस २१०, एमएस २३० आणि एमएस २५० झाली. आता कुणाकडे जुनी ०२५ असेल आणि दुकानदार म्हणाला की ०२५ चे पार्ट बंद झाले, तर त्याला एमएस २५० चे मागावेत. बहुतेक भाग तेच आहेत. ०२९ आणि ०३९ वाल्यांनी एमएस २९० आणि एमएस ३९० विचारावं, मालिका ११२७. हुस्कवार्नाच्या अलीकडच्या मशीनांवर क्रमांकाचे पहिले चार आकडे वर्ष सांगतात आणि पुढचे दोन त्या वर्षाचा आठवडा. कार्बोरेटरची ओळख मशीनपेक्षा वेगळी असते : त्याच्या अंगावर वॉलब्रो, झामा किंवा टिलॉट्सन असं नाव आणि एक अक्षर-अंकी खूण ठोकलेली असते. पडद्याचा संच त्या खुणेवरून मागायचा, मशीनच्या नावावरून नाही. एकच कार्बोरेटर चार कंपन्यांच्या मशीनांत असू शकतो.

साखळीच्या बाबतीत तर "अठरा इंची द्या" एवढंच बोलून लोक चुकीची साखळी घरी नेतात. तीन गोष्टी लागतात. पहिली पिच : लागोपाठच्या तीन रिव्हेटांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि निम्मं करायचं. तीन रिव्हेटांत साधारण १६.५ मिलिमीटर आलं तर ती ०.३२५ इंची, १८.६ आलं तर ३/८ इंची. दुसरी गोष्ट खाचेची जाडी, म्हणजे पट्टीच्या खोबणीत बसणाऱ्या पानाची जाडी : १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. तिसरी, त्या पानांची संख्या. अठरा इंची पट्टीवर एमएस २५० ला ६८ पानं लागतात, तर हुस्कवार्नाच्या अठरा इंची ०.३२५ पट्टीवर ७२. इंच तेच, साखळी वेगळी. कानसही पिचवरून ठरते : ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर, ३/८ च्या हलक्या साखळीला ४ मिलिमीटर. चुकीच्या कानसीने दात घासला की धार लागल्यासारखी दिसते आणि मशीन मात्र लाकडाऐवजी पीठ पाडतं. चांगल्या धारेची खूण म्हणजे जाड, लांबट छिलका.

आता बेअरिंग आणि सीलकडे वळतो, कारण बोईसरच्या बाजाराचा खरा उपयोग इथे आहे. क्रँकशाफ्टचं बेअरिंग कंपनीच्या डब्यातून घेतलं तर महाग, आणि जुन्या मॉडेलचं मिळेलच असं नाही. पण बेअरिंग ही जगभर मापाने विकली जाणारी वस्तू आहे. कितीतरी मध्यम आकाराच्या मशीनांत ६२०२ बसतं : आतला व्यास १५, बाहेरचा ३५, जाडी ११ मिलिमीटर. हेच ६२०२ आपल्या छताच्या पंख्यातही असतं, म्हणून तालुक्याच्या कोणत्याही बेअरिंगवाल्याकडे ते सापडतं. पण पंख्याचं बेअरिंग तसंच उचलून चेन सॉत बसवू नये. पंखा मिनिटाला तीन-चारशे फेरे घेतो, तर चेन सॉची साखळी मोकळी पळताना इंजिन बारा-तेरा हजार फेरे घेतं आणि तापतं. त्यामुळे आतल्या गोळ्यांना फुगायला जागा लागते. म्हणून मागताना "६२०२ सी-३" असं मागायचं. दोन्ही बाजूंचे पत्रे नसलेलं, उघडं मागायचं, कारण या बेअरिंगला ग्रीस नव्हे तर पेट्रोलातलं टू-टी ऑइल वंगण देतं. चांगल्या कंपनीचं घ्यायचं. बसवताना केसिंग गरम करायचं, बेअरिंग थंड ठेवायचं, आणि हातोडी लांब ठेवायची.

ऑइल सीलचंही तसंच. शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे व्हर्निअरने घ्या आणि कागदावर लिहून न्या. रबर साधं नायट्राइल की उष्णता सोसणारं व्हिटॉन हे विचारा. स्थानिक दुकानात नसेल तर डहाणू-चर्चगेट लोकलने मुंबई गाठावी आणि मरीन लाइन्सला उतरून नागदेवी स्ट्रीटवर जावं. सील, बेअरिंग, पट्टे, ओ-रिंग यांच्या दुकानांची ती जुनी पेठ आहे. तिथे मॉडेलचं नाव सांगितलं तर कुणी ओळखणार नाही. मापं सांगितली तर पाच मिनिटांत माल काउंटरवर येतो.

केसिंग तडकलं असेल तर सावध राहावं. चेन सॉचं केसिंग बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते ती याच धातूची. मॅग्नेशियमचा चुरा पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. त्यामुळे गॅस वेल्डिंगवाल्याकडे ते नेऊ नये. तारापूरच्या वसाहतीत स्टेनलेसच्या कामामुळे आरगॉनचे चांगले हात आहेत. त्यांना आधी धातू कोणता ते सांगावं आणि मगच काम द्यावं.

दुरुस्तीची मोठी विद्या या देशात आपोआप तयार झाली होती, हे आज विसरायला झालंय. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ मध्ये आली, बजाजची चेतकही त्याच वर्षी. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. ही सगळी दोन-स्ट्रोकची इंजिनं. गावोगावचे मिस्त्री त्यांच्यावर शिकले : पेट्रोलात ऑइल किती, प्लग काळा का पडतो, आवाज फाटतो म्हणजे मिश्रण कसं आहे. प्रदूषणाच्या नियमांमुळे रस्त्यावरून दोन-स्ट्रोक गेली आणि ती विद्या जाणणारे मिस्त्री आता म्हातारे झालेत. चेन सॉ ही त्या विद्येची आज उरलेली मोठी जागा आहे. पालघर, बोईसर, सफाळे, वाणगाव इथे एखाद्या गॅरेजात असा जुना मिस्त्री असेल तर त्याला शोधा आणि आपल्या घरातल्या तरुण मुलाला त्याच्याजवळ बसवा. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

पण स्कूटरची एक सवय चेन सॉला मारक ठरते. चेतकचा किंवा आरएक्सचा सिलिंडर झिजला की मिस्त्री बोअर मारतो आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकतो. त्या सिलिंडरला आत बिडाची भिंत असते, म्हणून ते चालतं. चेन सॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा असतो आणि आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा केसाइतका पातळ मुलामा असतो. बोअर मारला की मुलामा गेला आणि सिलिंडर कायमचा संपला. सीज झालेल्या सिलिंडरच्या भिंतीवर जे ओरखडे दिसतात ते पुष्कळदा पिस्टनचंच चिकटलेलं ॲल्युमिनियम असतं. आम्लाने ते काळजीपूर्वक विरघळवलं की खाली मूळ मुलामा धड सापडतो. मुलामा उडालेला नसेल, नखाला खड्डा लागत नसेल, तर नवा पिस्टन आणि रिंग एवढ्यावर काम भागतं. इटलीतली मीटिओर कंपनी कितीतरी जुन्या मॉडेलांचे पिस्टन आजही बनवते.

मात्र पिस्टन टाकण्याआधी तो का जळला हे शोधायलाच हवं. हे न केल्यामुळे महिन्याभरात पुन्हा सीज झालेली मशीनं सगळ्यात जास्त दिसतात. पिस्टनवर ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला असतील तर ऑइल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ झालं. कार्बोरेटरच्या बाजूला झीज असेल तर एअर फिल्टरच्या फाटक्या जाळीतून लाकडाची भुकटी आत गेली. मिश्रण पातळ होण्याचं कारण बऱ्याचदा कार्बोरेटरच्या स्क्रूत नसतं. कुठून तरी जादा हवा आत येते : तडकलेला रबरी मॅनिफोल्ड, थकलेलं सील. ते तपासायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून सिलिंडरची कार्बोरेटरकडची आणि सायलेन्सरकडची दोन्ही तोंडं बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने साधारण अर्धा बार हवा भरा, साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट हळू फिरवत बुडबुडे बघा. त्यानंतर स्क्रू जुळवा. मोकळं पूर्ण रेस केल्यावर आवाज किंचित भरडा, फुटल्यासारखा हवा, आणि लाकडात शिरल्यावर तो एकसंध व्हायला हवा. मोकळं असतानाच जे मशीन शिट्टीसारखं स्वच्छ किंचाळतं ते स्वतःला जाळत असतं, आणि मालकाला वाटतं की मशीन आता फार जोरात चालतंय.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय आहे काय! काही आठवड्यांत पाणी आणि इथेनॉलचा थर टाकीच्या तळाला बसतो, आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. जुन्या मशीनांची रबरं या पेट्रोलसाठी घडवलेली नव्हती. ती फुगतात, चिकट होतात किंवा कडक होऊन तडकतात. मे महिन्यात फांद्या छाटून झाल्या की मशीन भरल्या टाकीने कोनाड्यात जातं आणि दिवाळीनंतर निघतं. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून कार्बोरेटर कोरडा होईतो चालवा, मग ठेवा. मिश्रण लागेल तेवढंच करा : लिटरला २० मिलिलिटर ऑइल म्हणजे पन्नासास एक, ४० मिलिलिटर म्हणजे पंचवीसास एक. जुन्या मशीनचं पुस्तक काय सांगतं ते आधी पाहा.

साखळीला जळालेलं इंजिन ऑइल घालण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. त्यात धातूचा कीस असतो, तो ऑइल पंप खातो. आणि ते ऑइल पळत्या साखळीवरून थेट वाडीच्या मातीत आणि कापणाऱ्याच्या अंगावर उडतं.

क्लचबद्दल एक गोष्ट पुस्तकात पुढे येईलच, पण इथेही सांगतो, कारण तिच्यामुळे चांगली शाफ्टं तुटतात. बहुतेक चेन सॉच्या क्लचचे आटे उलटे असतात. सुटायला तो घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुती दोरीचा तुकडा सोडा. स्क्रू-ड्रायव्हर घालून अडवू नका.

जुळवाजुळवीला हद्द असते आणि ती मी स्पष्ट आखतो. चेन ब्रेक, पुढचा पंजा, तुटलेली साखळी अडवणारा खुंटा, रेसचा लॉक आणि कंपन शोषणारे रबर : यातलं काही बिघडलं असेल तर मशीन वापरात आणू नये, मग इंजिन कितीही गोड चालत असो. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उलटून तोंडाकडे येतं, आणि ते माणसाला हलायला वेळ देत नाही. वखारीत ओंडक्यांसाठी ठेवलेल्या १०६ सीसीच्या श्टील ०७० सारख्या जुन्या दणकट मशीनांवर चेन ब्रेक नसतो. ती जमिनीवर पडलेला ओंडका कापण्यापुरतीच वापरावीत. ती घेऊन झाडावर चढणाऱ्याला थांबवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, मजुराला रोजगाराची गरज असली तरी.

हल्ली बाजारात ५२०० किंवा ५८०० अशा आकड्यांची चिनी मशीनं दिसतात. ती सगळी एका जपानी मॉडेलच्या घडणीवरून आली आहेत, रंग आणि नावं वेगवेगळी. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. एका मशीनचा भाग दुसऱ्याला बसतो आणि पार्ट स्वस्त आहेत, हा त्यांचा मोठा गुण. पण मोजमापाची शिस्त त्यांत सैल असते, म्हणून नवा भागही बसवण्याआधी मोजावा. आणि कोणत्याही कंपनीचं मशीन खरोखरच संपलं, तरी ते अख्खं भंगारात देऊ नका. त्याचं कॉइल, कार्बोरेटर, स्टार्टर, टाकी, हँडल सोडवून डब्यात चिठ्ठीसह ठेवा. बंद झालेल्या मॉडेलचा पुढचा पार्ट तिथूनच येणार आहे.

हे पुस्तक मशीनचं आहे. झाड कापावं की नाही हे ते ठरवत नाही. वृक्षतोडीचं नियमन करणारा राज्याचा १९६४ चा कायदा आहे, नागरी भागासाठी १९७५ चा आहे, आणि परवानगी हा कामाचाच भाग समजावा.

वाचकांना एक विनंती. पहिलं प्रकरण उघडण्याआधी आपलं मशीन पुसून उजेडात घ्या आणि त्याचा क्रमांक, कार्बोरेटरची खूण, पट्टीवरचे आकडे वहीत उतरवा, कारण पट्टी झिजते, पाटी गळून पडते आणि मग ओळख राहत नाही. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या, मोडका असला तरी. आणि कुणाकडे जुन्या मॉडेलचं कंपनीचं पार्ट-पुस्तक असेल, तर त्याची एक झेरॉक्स काढून आपल्या गावच्या मिस्त्रीला द्या.